चाळीस एकाकी हवेत

प्रकल्पाच्या अर्जात 'लाभार्थींची संख्या' असा एक रकाना होता आणि त्यात तक्तेबहाद्दराने चाळीस लिहिलं. चाळीसच का, असं पुढे त्याला बऱ्याच जणांनी विचारलं. खरं कारण एवढंच होतं, की बारा लिहिलं तर तक्त्यातला खांब फार बुटका दिसत होता.

विषयाचं नाव सामाजिक उद्योजकता. परदेशी शिकायला आलेल्या मुलांना तो सक्तीचा होता. तिघांचा गट करायचा, शहरातली एखादी अडचण हेरायची आणि ती सोडवणारा छोटासा उद्योग दहा आठवड्यांत चालवून दाखवायचा. सरांनी पहिल्याच तासाला बजावलं होतं, "आधी माणसांकडे जा, त्यांच्याशी बोला. कागद नंतर उघडा." तिघांनीही हे वाक्य वहीत उतरवून घेतलं, त्याच्याखाली रेघ मारली आणि त्याच दुपारी वाचनालयात बसून अख्खा प्रकल्प कागदावर उभा केला.

गटात एक मुलगी होती. घरी ती तीन बहिणींत धाकटी. आईची फोनवरची "धाकटे" ही हाक ऐकून गटातल्या दोघांनी तेच नाव उचललं होतं. दुसरा तक्तेबहाद्दर. त्याला भूक लागली तरी आधी तक्ता काढायचा असे. तिसरा दिवसाकाठी चारपाच वाक्यं बोलायचा, म्हणून धाकटीने त्याला मौनीबाबा करून टाकलं होतं.

प्रकल्पाचं नाव 'सोबत'. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांबरोबर बाजारात जायचं, त्यांची पिशवी जिन्यावरून वर न्यायची आणि अर्धा तास गप्पा मारायच्या. हा उद्योग म्हणून कसा चालणार, याचाही एक तक्ता होता. सरांनी अर्ज वाचला, "चाळीस?" एवढंच विचारलं आणि सही केली.

या विषयात नापास झालं तर बाकीच्या दोघांना तो फक्त पुन्हा द्यावा लागणार होता. धाकटीची मात्र शिष्यवृत्तीच बंद होणार होती. म्हणजे बोचकं बांधून घरी परत. आणि घरी तिच्या आत्याने "आमची भाची तिकडे समाज सुधारतेय" असं सगळ्या नात्यागोत्यात सांगून ठेवलं होतं.

तिघं बाजारासमोरच्या इमारतींमध्ये दारोदार हिंडू लागले. पहिल्या दारातल्या आजींनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"एकटी? मी?" त्या म्हणाल्या. "अगं बाई, नवरा, तीन मुलं, दोन दीर. मला एकटं राहायला मिळायला चाळीस वर्षं लागली. आता कुठे बरं चाललंय, तर तुम्ही सोबत घेऊन आलात."

दुसरे आजोबा पोहायला निघाले होते. "चालता चालता बोलू," म्हणाले. त्यांच्या चालण्यापुढे तिघांनाही धाप लागली, आणि शेवटी त्यांनीच धाकटीच्या खांद्यावरची पिशवी काढून स्वतःच्या खांद्यावर घेतली. तिसऱ्या दाराला गाण्याच्या वर्गाची घाई होती. चौथं दार उघडलंच नाही, आतून फक्त हसण्याचे आवाज येत राहिले. तीन आठवडे झाले तरी गरजू माणूस औषधालाही सापडला नाही. तिघांच्या नाकी नऊ आले.

अशाच एका दुपारी बाजाराच्या पायरीवर बसलेली असताना धाकटीला आईचा फोन आला.

"जेवलीस का गं?"

"आई, आत्ता नको. एकाकी म्हाताऱ्या माणसांचं काम चाललंय."

"बरं बरं. त्यांना बघ आधी," आई म्हणाली आणि तिने फोन ठेवला. हे असं गेले तीन आठवडे रोज चाललं होतं.

शेजारच्या बाकावर एक निवृत्त शिंपी बसले होते. आयुष्यभर लोकांची मापं घेतल्यामुळे समोरच्याचे खांदे पडलेत हे त्यांना लांबूनच दिसायचं. "काय झालं?" त्यांनी विचारलं. धाकटीने अर्जापासून आत्यापर्यंत सगळं सांगून टाकलं.

"म्हणजे गरज तुम्हाला आहे," शिंपीआजोबा म्हणाले.

"हो, आजोबा."

"मग तसं सांगा की. उगाच म्हाताऱ्यांना कशाला घाबरवताय? लिहा माझं नाव."

आजोबांनी पत्ते खेळणारा कंपू आणला, कंपूने गाण्याचा वर्ग आणला, वर्गाने पोहणाऱ्यांना ओढलं. प्रत्येकाने छापील अर्ज भरला, आपलं थोडंफार दुःख लिहिलं आणि चार दिवसांत चाळीस एकाकी जमा झाले. अट एकच होती, की बुधवारी गाण्याच्या वेळेत कुणीही त्यांना सोबत करायची नाही.

मग काम जोरात सुरू झालं. मुलांना उचलायला काहीतरी हवं म्हणून आजीआजोबा नको असलेले बटाटे विकत घेऊ लागले. पिशवी हलकी दिसू नये म्हणून एकांनी तिच्यात शब्दकोशाचे दोन खंड घातले. अर्ध्या तासाच्या गप्पांत मौनीबाबाच्या कोटाचं फाटलेलं अस्तर शिवून झालं, तक्तेबहाद्दराला कपड्यांची घडी घालायला शिकवलं गेलं, आणि धाकटीचं वजन वाढलं. कोण कुणाला सोबत करतंय याचा तक्ता मात्र कुणी काढला नाही.

नवव्या आठवड्यात सरांनी जाहीर केलं, "परीक्षा वर्गात नाही. मी तिथे येऊन लाभार्थींशी बोलणार." तिघांची पाचावर धारण बसली.

"घाबरताय काय?" शिंपीआजोबा म्हणाले. "आम्ही आहोत ना."

इमारतीच्या सामाईक दालनात तालीम झाली. गाणं शिकवणाऱ्या बाईंनी उसासे कधी आणि कुणी टाकायचे हे ठरवून दिलं. "खिडकीतून बाहेर बघत बसायचं," आजोबांनी सूचना केली.

"आमच्या खिडकीतून चपलांचं दुकान दिसतं," पहिल्या दारातल्या आजी म्हणाल्या.

"मग दुकानाकडे दुःखाने बघा."

परीक्षेच्या दिवशी चाळीस जण जुनेपाने कपडे घालून रांगा करून बसले. पोहणाऱ्या आजोबांनी कुणाची तरी काठी मागून आणली होती, पण कोणत्या पायाला ती लागते हे त्यांचं अजून ठरत नव्हतं. सर आले, खुर्चीत बसले, यादी उघडली.

"आजोबा, दिवस कसा जातो?"

"जातच नाही हो," पोहणारे आजोबा म्हणाले, आणि त्याच क्षणी त्यांच्या मनगटावरचं घड्याळ वाजलं. पोहायची वेळ झाली होती. पहिल्या दारातल्या आजी "मला कुणी विचारत नाही" हे एवढं वाक्य सांगत होत्या, तेवढ्यात त्यांचा फोन तीनदा वाजला. मागच्या रांगेत उसासा चुकीच्या जागी पडला. सरांनी चष्मा काढून पुसला. धाकटीला डोळ्यांसमोर घर दिसू लागलं, दारात उभ्या असलेल्या आत्यासकट.

"क्रमांक सात," सर कोरड्या आवाजात म्हणाले.

शेवटच्या खुर्चीवरून निळा कोट घातलेल्या एक आजी उठल्या. सरांच्या हातातलं पेन खाली पडलं.

"आई? तू इथे कशाला?"

"तुझ्या यादीत आहे मी. सातवी. वाच, सगळं लिहिलंय."

सरांनी अर्ज काढला आणि सवयीने मोठ्याने वाचायला लागले. "मुलगा याच शहरात असतो. लोकांना मदत कशी करावी ते शिकवतो. त्यामुळे वेळ मिळत नाही. मागच्या वेळी तो आला होता तेव्हा पडदे निळे होते. आता पिवळे आहेत." शेवटचं वाक्य त्यांनी हळू वाचलं.

"अर्जावर मार्गदर्शक म्हणून तुझं नाव छापलेलं दिसलं," आजी म्हणाल्या. "म्हटलं, घरी येत नाही, पण परीक्षेला तर येईल."

"अगं, पण ही सगळी माणसं नाटक करताहेत."

"हो, सकाळपासून. नाटक न करणारी इथे मी एकटीच."

पोहणाऱ्या आजोबांनी काठी हळूच खुर्चीखाली सरकवली. धाकटीला राहवेना. ती उभी राहिली. "सर, चूक आमची आहे. चाळीस आधी लिहिले आणि माणसं नंतर शोधली. हे सगळे आम्हाला मदत करायला आलेत."

सर उठले. आईच्या शेजारच्या खुर्चीवर जाऊन बसले आणि त्यांनी विचारलं, "तुझी पिशवी कोण आणतं?"

"हा, न बोलणारा. पण ऐकतो छान."

मौनीबाबाने घसा साफ केला. "मंगळवारी मी बेल वाजवली की त्या धावत येतात," तो म्हणाला. "दार उघडतात आणि म्हणतात, तू होय. मग मला आत घेतात. पण आधी म्हणतात, तू होय." त्याचा त्या दिवसाचा वाटा संपला होता. तो खाली बसला.

पुढच्या मंगळवारी सरांनी गटाचा निकाल वर्गात दिला नाही. तिघांना आजींच्या घरी बोलावलं. जिन्यात सरच भेटले, दोन्ही हातांत पिशव्या, घामाघूम. "यात काय भरलंय?" ते विचारत होते. "शब्दकोश," मौनीबाबाने सांगितलं. पिवळ्या पडद्यांखाली बसून त्यांनी अर्ज पुढे केला. लाभार्थींच्या रकान्यातले चाळीस खोडून तिथे लाल शाईने 'एक' लिहिलं होतं आणि त्याखाली 'उत्तीर्ण'. त्या लाल एकच्या शेजारी दुसऱ्या, जरा थरथरत्या अक्षरात आणखी एक ओळ होती. 'दोन. माझ्या मुलालाही धरा.'

जिना उतरताना तक्तेबहाद्दर म्हणाला, "दोनचा खांब फारच बुटका दिसेल." पण तो हसत होता. धाकटीला मात्र एकदम आठवलं, की आईला उत्तीर्ण झाल्याचं सांगायचंय. तिने तिथेच पायरीवर बसून फोन लावला. आईने बऱ्याच वेळाने उचलला.

"आई, ऐक ना…"

"धाकटे, आत्ता नको गं. आत्या आणि मी निघालोय. तुझं ऐकून आम्हीही तसलंच सुरू केलंय. एकटी राहणारी म्हातारी माणसं शोधायची. आत्याने चाळीस जण आहेत म्हणून सगळ्यांना सांगूनही टाकलं."

"मिळाली किती?"

"एकही नाही," आई म्हणाली. "मेली सगळी कुठे ना कुठे फिरायला गेलेली असतात."

धाकटीने डोळे पुसले. आपण हसतोय की रडतोय हे तिचं तिलाच कळेना. "आई, पहिलं नाव तुझं लिही. उद्यापासून रोज मी फोन करणार, आणि जेवलीस का ते मी विचारणार."

"लिहिते," आई म्हणाली. "पण बुधवारी नको हं. बुधवारी आम्हाला यादीचं काम असतं."