पिंगळेनानांचं काडीतेल

लग्नाच्या पंगतीत पिंगळेनाना जेवायला बसत नसत. पंगतीच्या टोकाला रिकामं पोतं घेऊन उभे राहत. पानात काय वाढलंय याच्याशी त्यांना देणंघेणं नव्हतं. पत्रावळ मोकळी कधी होते, एवढंच ते पाहत. त्यांची नजर पडली की भल्याभल्यांच्या घशात जिलबी अडकायची. एकदा वरबापाने फारच आग्रह केला, तेव्हा नाना म्हणाले, "जेवण होत राहील हो. मी पेट्रोल न्यायला आलोय."

नाना शाळेतून निवृत्त झालेले रसायनशास्त्राचे शिक्षक. मखमलाबाद रस्त्याला आमची घरं समोरासमोर होती. नव्वदच्या दशकाची अखेर होती आणि मी एका दैनिकात बातमीदार होतो. पालापाचोळ्यापासून पेट्रोल बनवायचं, हा नानांचा ध्यास. "जमिनीखालचं तेल म्हणजे काय? गाडलं गेलेलं शेवाळं," ते म्हणत. "निसर्गाला कोट्यवधी वर्षं लागली, कारण त्याला कुठे जायचं नव्हतं. मला भाजी आणायला जायचंय."

अंगणात त्यांनी लोखंडी पिंप बसवलं होतं. त्यात वाळका कचरा भरायचा, झाकण हवाबंद करायचं आणि खालून जाळ लावायचा. आत हवा नसल्याने कचरा पेटत नाही. त्याची वाफ होते. ती पांढऱ्या खड्यांनी भरलेल्या नळीतून जाते, तिथे तिचे रेणू मोडतात आणि नव्याने जुळतात. मग गार पाण्यातल्या नळीतून थेंब थेंब काळं तेल गळतं. "भाजायचं, पण जाळायचं नाही," हे नानांचं ब्रीद. त्यांच्या पत्नी विमलकाकू पिंपळगाव बसवंतच्या. त्या म्हणत, "मी जन्मभर पोळ्या भाजतेय. कधी तेल नाय गळालं."

पत्रावळ्यांतून नुसतं आंबट पाणी निघालं. काकूंच्या माहेरून कांद्याची सालं आणली, तेव्हा भजी कोणाकडे आहेत याची गल्लीभर चौकशी झाली. शेवटी नाना द्राक्षाच्या काड्यांवर स्थिरावले. छाटणीनंतर बागेबाहेर काड्यांचे ढीग पडतात आणि शेतकरी ते पेटवून देतात. बसमधून तसा धूर दिसला की नाना कंडक्टरला सांगत, तिकडे कोणीतरी पेट्रोल जाळतंय. एकदा कंडक्टरने घाबरून खरंच बस थांबवली.

काड्यांच्या तेलाला नाना काडीतेल म्हणत. त्यावर ते आपली जुनी मोपेड चालवून बघत. मोपेड खोकायची, दोनदा शिंकायची आणि गप्प व्हायची. मग नाना माझ्याकडे येऊन विचारत, चार ओळी तरी छापाल का? मी सांगे, धावली की छापू. धावणार आहे, ही बातमी होत नाही.

अशी काही वर्षं गेली. मग एका शनिवारी सकाळी नानांनी गल्लीत जाहीर केलं, की उद्याचा प्रयत्न शेवटचा. नाही धावली तर पिंप भंगारवाल्याला. काकू ओट्यावर लसूण सोलत होत्या. म्हणाल्या, "लय बरं होईल. तिथं कढीपत्ता लावीन." नाना दिवसभर पिंपाकडे पाठ करून बसले. त्यांना असं बसलेलं गल्लीने कधी पाहिलं नव्हतं.

रविवारी सगळे जमले. नानांनी डोळे मिटले, काहीतरी पुटपुटले आणि न बघताच टाकीत कपभर काडीतेल ओतलं. पायडल मारलं. मोपेड खोकली नाही, शिंकली नाही, सरळ सुटली. नाना नीट बसलेही नव्हते. काही अंतर मोपेड पुढे आणि नाना हँडलला लटकून मागे, अशी वरात गेली. गल्लीच्या टोकाला ते एकदाचे सीटवर बसले. परत आले, पुन्हा गेले. तिसऱ्या फेरीला काकू पदर खोचून मागे बसल्या आणि दोघं मखमलाबाद गावापर्यंत जाऊन आले. परतले तेव्हा काकूंचा अंबाडा सुटला होता आणि दोघांनाही हसू आवरत नव्हतं. कोणीतरी पेढे वाटले.

दुपारी बातमी लिहून मी ऑफिसला निघालो, तर दारात नाना.

"छापू नका," ते म्हणाले. "कपभर ओतलं होतं. एवढं हिंडून आलो आणि टाकी अर्धी भरलेली. शास्त्रात असं होत नाही हो."

मी विचारलं, भरली कोणी? नानांनी वळून आपल्या स्वयंपाकघराच्या खिडकीकडे पाहिलं. आत काकू शेजारणीला हातवारे करून सकाळची हकीकत सांगत होत्या.

"मला कळलंय, हे तिला कळायला नको. जागा नव्हती म्हणून सांगा."

"आणि पिंप?"

"आता भंगारात कसं देणार? यशस्वी झालंय ते."

बातमी आली नाही. काकूंनी मला फैलावर घेतलं. "रोज कांद्याचा भाव छापायला जागा असते, आणि आमच्या ह्यांना चार ओळी नाय?" मी जाहिरातींकडे बोट दाखवलं. त्या घरचा चहा मला बराच काळ बंद झाला.

पिंप अंगणात राहिलं. छाटणीच्या दिवसांत काकू स्वतः भावाच्या बागेतून काड्या मागवू लागल्या. दर रविवारी दोघं काडीतेलावर भाजीबाजारात जात आणि काकू भाजीवाल्यांना मोपेडचं ॲव्हरेज सांगत.

शनिवारी संध्याकाळी नाना अंगणात मोपेडजवळ बसलेले दिसत. टाकीचं झाकण काढून त्याच्या आट्यांना तेल लावत, आणि दोन बोटांनी उघडेल इतकं ते सैल बसवत. झाकण फार घट्ट होतं, आणि काकूंची बोटं संधिवाताने आखडली होती.