तहकूबराव बाकावर बसतात

तिसरीच्या वर्गात खिडकीजवळच्या बाकावर बसताक्षणीच तहकूबरावांच्या लक्षात आलं, की आपण बसायला नको होतं. पण तोवर वर्गभर पालक टाळ्या वाजवत होते, आणि टाळ्या चालू असताना उठायची त्यांना सवय नव्हती.

तहकूबराव हे त्यांचं खरं नाव नव्हे, हे सांगायला नको. धंद्यानं ते गादीवाले. बाजारात गाद्या-उशांचं दुमजली दुकान. त्याखेरीज शिक्षण मंडळाचे सदस्य, तेही एकदा नव्हे, लागोपाठ तीनदा निवडून आलेले. मंडळाच्या सभेत मुलांच्या उपयोगाचा एखादा विषय चुकून निघालाच, तर ते चष्मा काढायचे, पुसायचे, पुन्हा लावायचे आणि म्हणायचे, "विषय चांगला आहे. पुढच्या सभेपर्यंत तहकूब ठेवू." पाण्याची टाकी तहकूब. मुलींच्या संडासाचं दार तहकूब. बाकांचा विषय तर इतका जुना, की तो पहिल्यांदा निघाला तेव्हा तिसरीत असलेली पोरं आता मिशा फुटून मतदानाला आली होती. आणि हे सगळं कशावर बसून ठरायचं? मंडळाच्या गुबगुबीत खुर्च्यांवर. मुलांच्या मांडीत घुसणाऱ्या खिळ्यांचा निकाल असल्या खुर्च्यांत बसून लावायचा, म्हणून तर तो लागत नाही.

यंदा मात्र गाठ औषधवाल्या बाईंशी होती. बाईंचं शाळेसमोर औषधांचं दुकान. शाळा सुटली की आया पोरांना घेऊन यायच्या. कुणाची मांडी खरचटलेली, कुणाच्या तळहातात फळीची कुसळं. मलम विकून विकून बाईंचं डोकं फिरलं आणि त्या निवडणुकीला उभ्या राहिल्या. प्रचारात एकच विषय, बाकं. पालकांच्या सभेतही त्या तेवढंच बोलल्या आणि खाली बसल्या.

तहकूबराव उत्तराला उभे राहिले. "याच शाळेत शिकलो मी. याच बाकांवर. माझं काही वाकडं झालं का?"

"मग बसून दाखवा की," मागून कुणीतरी म्हणालं.

मतदान चार दिवसांवर आलेलं. नाही म्हणण्याची सोय नव्हती.

बाक म्हणजे काय, तर बसायची फळी आणि लिहायची फळी एकाच लोखंडी सांगाड्याला जोडलेली. मध्ये आठ वर्षांच्या पोराच्या पोटाला पुरेल एवढी जागा आणि खाली दप्तरासाठी पत्र्याचा कप्पा. तहकूबरावांनी श्वास आत ओढला. पोट आत गेलं. गुडघे कप्प्याखाली गेले. टाळ्या झाल्या. मग त्यांनी श्वास सोडला, आणि बाकानं त्यांना धरलं ते धरलंच.

बरं, बाकासकट उठावं, तर तेही शक्य नव्हतं. मागे एकदा दोन बाकं चोरीला गेली होती. तेव्हा मंडळानं नवी बाकं दिली नाहीत, पण उरलेली कुणी नेऊ नयेत म्हणून सगळी जमिनीला बोल्ट मारून पक्की करून दिली. तो एक ठराव मात्र पहिल्याच सभेत मंजूर झाला होता. सूचक, तहकूबराव.

सभा संपली. लोक उठले, पण साहेब आधी उठतील म्हणून अदबीनं थांबले. तहकूबरावांचा मेहुणा, जो त्यांचा प्रचार सांभाळायचा, कानाशी वाकला.

"दाजी, चला की. चौकात माणसं जमलीत."

"उठता येत नाही."

"पाय झोपला का?"

"अरे, अडकलोय मी. हळू बोल."

मेहुण्यानं खाली वाकून पाहिलं आणि तो तसाच वाकलेला राहिला. "ओढू का?"

"या सगळ्यांसमोर? उद्या घराघरांत माझा ओढतानाचा फोटो असेल. लोक हसत हसत त्या बाईला मत देतील." तहकूबरावांच्या कपाळावर घाम जमला होता. गादीचं दुकान पोराच्या हाती गेलेलं, घरात बायकोचा शब्द चालायचा. जगात त्यांची म्हणून एवढी एकच खुर्ची उरली होती, मंडळावरची. ती एका बाकापायी जाणार असं त्यांना दिसू लागलं.

मेहुणा सरळ झाला. सगळे आपल्याकडे बघताहेत हे पाहून त्यानं तोंडाला येईल ते बोलून टाकलं. "साहेब उठणार नाहीत."

"का?" चारपाच जणांनी एकदम विचारलं.

मेहुण्यानं तहकूबरावांकडे पाहिलं. तहकूबरावांनी छताकडे पाहिलं. समोर फळ्याखाली औषधवाल्या बाई हाताची घडी घालून उभ्या होत्या.

"या शाळेला नवी बाकं मिळेपर्यंत," तहकूबराव म्हणाले, "मी इथून उठणार नाही."

मग ज्या टाळ्या झाल्या, तशा टाळ्या तहकूबरावांनी तीन निवडणुकांत ऐकल्या नव्हत्या.

बाईंच्या मात्र तोंडचा घास गेला. त्या तरातरा बाकाशी आल्या, वाकल्या, पोट आणि फळी यांचा संबंध त्यांनी नीट पाहिला आणि लोकांकडे वळल्या. "हा माणूस बसलेला नाही. अडकलाय."

खरं बोलल्या, आणि तिथंच फसल्या.

"बाई, निदान आज तरी राजकारण नको," एक आजोबा म्हणाले.

"तुमचा मुद्दा त्यांनी उचलला म्हणून पोटात दुखतंय होय," एक आई म्हणाली. हिच्याच पोराच्या मांडीला बाईंनी परवा फुकट पट्टी बांधून दिली होती.

बाई निघून गेल्या. रात्र कशी सरली ते तहकूबरावांच्या गुडघ्यांना विचारा. सकाळी वर्गाबाहेर जत्रा लोटली. कुणी डबा आणला, साहेबांनी नको म्हटलं, कारण पोटात आणखी एक घास घालायला बाक तयार नव्हतं. कुणी पाणी आणलं, तेही नको म्हटलं, कारण पाणी प्यायल्यावर जिथं जावं लागतं तिथं जायची सोय नव्हती. साहेबांनी पाणीसुद्धा सोडलंय, ही बातमी दुपारच्या आत सगळीकडे झाली. मंडळाच्या अध्यक्षांनी मेहुण्याला फोन करून विचारलं, "हे किती वेळ चालवणार? आमच्यावर शेकतंय." मेहुणा म्हणाला, "साहेब हट्टाला पेटलेत. माझं ऐकत नाहीत."

शेवटी शिक्षणाधिकारी आले. घाम पुसत वर्गात शिरले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "साहेब, बाकं मंजूर. माझा शब्द. आता उठा."

संपलं. एवढ्या वर्षांत जे झालं नाही ते एका वाक्यात झालं. पण आता उठायचं कसं?

"फक्त या वर्गाला?" ते म्हणाले.

"सगळ्या वर्गांना."

"फक्त या शाळेला?"

शिक्षणाधिकाऱ्यांनी बाहेरच्या गर्दीकडे पाहिलं. "मंडळाच्या सगळ्या शाळांना."

"मुलींच्या संडासाला दार नाही."

"लावू."

"पाण्याची टाकी गळते."

"बदलू. उठा आता."

तहकूबरावांनी आठवून आठवून आपण तहकूब ठेवलेले सगळे विषय एकेक करून बाहेर काढले. यादी पाठच होती. शिक्षणाधिकारी मान डोलावत गेले. दाराशी एक म्हातारी शिक्षिका डोळ्यांना पदर लावून उभी होती. तिनं हे सगळे अर्ज स्वतःच्या हातानं लिहिले होते. हळूहळू मागण्या संपत आल्या. वर्गात पंखा नाही म्हणावं, तर पंखा डोक्यावर फिरत होता.

"सगळं मान्य," शिक्षणाधिकारी म्हणाले. "आता तरी."

तहकूबरावांनी डोळे मिटले आणि अगदी खालच्या आवाजात म्हणाले, "सगळे बाहेर जा. मला थोडा वेळ या बाकासोबत एकट्याला बसायचंय."

लोकांच्या काळजाचं पाणी झालं. शिक्षणाधिकाऱ्यांनीसुद्धा नाक ओढलं. वर्ग रिकामा झाला, दार लागलं, आणि लागलेल्या दारातून पुन्हा फट करून तहकूबरावांची बायको आत आली. हातात पिशवी. पिशवीत शिलाई मशीनच्या तेलाची बाटली आणि पाना.

"कालच का नाही आलीस?"

"काल मला कोण आत सोडतंय. बाहेर तुमच्या पाया पडायला रांग लागली होती." ती खाली बसली, बसायची फळी सांगाड्याला धरणाऱ्या बोल्टवर तेल सोडलं, पाना लावला. बोल्ट हलेना. "म्हणत होतात ना, बाकं मजबूत आहेत म्हणून. आहेत हो खरंच."

"टोमणे नंतर मार."

"नंतर तुम्ही कुठे सापडता. आज हलता येत नाहीये तोवर मारून घेते."

दोन हातांनी जोर लावूनही पाना सटकत होता. इतक्यात दार पुन्हा उघडलं. औषधवाल्या बाई. तहकूबरावांनी डोळे घट्ट मिटून घेतले, जसं काही आपल्याला दिसलं नाही तर त्यांनाही दिसणार नाही.

बाईंनी दाराला कडी घातली, पदर खोचला आणि समोर येऊन बसल्या. "वहिनी, तुम्ही सांगाडा दाबून धरा. पाना मला द्या."

बाईंच्या हाताला बाटल्यांची घट्ट झाकणं उघडायची सवय. तिसऱ्या हिसक्याला बोल्ट कुरकुरला, मग दुसरा. बसायची फळी मागे सरकली आणि तहकूबराव भस्सकन श्वास सोडून आडवे झाले.

"आता बाहेर जाऊन सांगा," ते पडल्या पडल्या म्हणाले. "या वेळी ऐकतील. फळी सुटी झालेली दिसतेय."

"सांगू शकते," बाई पाना पुसत म्हणाल्या. "मग काय होईल? तुम्ही पडाल, मी येईन, आणि शिक्षणाधिकारी म्हणतील, ते सगळं खोटं उपोषण होतं, तेव्हा माझा शब्दही खोटा." त्यांनी पाना वहिनींच्या पिशवीत टाकला. "मतं तुम्ही घ्या. बाकं मला द्या."

"दिली," तहकूबराव म्हणाले.

"तुमचं 'दिली' मला माहीत आहे."

"मी आहे ना," बायको म्हणाली.

तहकूबराव निवडून आले. नुसते आले नाहीत, समोरच्यांची अनामत वाहून गेली, बाईंचीसुद्धा. फळी सुटी झालेलं ते बाक जमिनीचेही बोल्ट काढून दुरुस्तीसाठी मंडळाच्या कचेरीत पाठवलं गेलं आणि सभागृहाबाहेरच्या व्हरांड्यात पडून राहिलं. दुरुस्तीचा विषय अर्थातच अजून निघायचा होता.

नव्या मंडळाची पहिली सभा भरली. लोकांना बसायला मागे एक रांग होती. तिथं तहकूबरावांची बायको आणि औषधवाल्या बाई शेजारी शेजारी बसल्या होत्या. बाकांचा विषय आला. अध्यक्ष हसले.

"काय बसलात हो तुम्ही साहेब, मानलं तुम्हाला. असला प्रचार आजवर पाहिला नव्हता. असो. निवडणुकीत माणूस बोलतो, अधिकारीही वेळ मारून नेतात. विषय चांगला आहे. पुढच्या सभेपर्यंत तहकूब ठेवू." आणि त्यांनी सवयीनं तहकूबरावांकडे पाहिलं. "अनुमोदन तुमचंच ना?"

तहकूबरावांनी चष्मा काढला. पुसला. लावला. खुर्ची मऊ होती, गादी त्यांच्याच दुकानातली. उजवा गुडघा मात्र अजून दुखत होता.

"नाही," ते म्हणाले आणि उठून बाहेर गेले.

सगळ्यांना वाटलं, पोट बिघडलं असावं. मग व्हरांड्यातून लोखंड फरशीवर घासल्याचा कर्कश आवाज आला. बाहेर थांबलेल्या मेहुण्यानं एका बाजूनं आणि तहकूबरावांनी दुसऱ्या बाजूनं धरून ते बाक आत आणलं, अध्यक्षांच्या टेबलासमोर ठेवलं, आणि तहकूबराव त्यात शिरले. निवडणुकीपासून बायकोनं त्यांच्या ताटात निम्मंच वाढायचं धरलं होतं. पोट आणि फळी यांच्यात आता चांगली वीतभर जागा राहिली.

"बाकांचा ठराव आज होईल," तहकूबराव म्हणाले. "तोवर मी उठणार नाही."

"अहो, निवडणूक संपली," अध्यक्ष म्हणाले. "इथं बघायला कोण आहे?"

तहकूबरावांनी हाताची घडी घालून समोरच्या फळीवर ठेवली. सदस्य एकमेकांकडे बघू लागले. मागच्या रांगेतून बायको उठली, पिशवी घेऊन बाकाशी आली आणि कानाशी वाकली.

"अहो, अडकलात का?"

"नाही."

"खरं सांगा. पाना आणलाय."

"नाही गं, मोकळा आहे."

"मग उठा."

"नाही."

तिनं त्यांच्याकडे नीट पाहिलं. फळीखालून हात घालून पोटापुढची जागा स्वतः चाचपली. मग मागे जाऊन बसली, पिशवी पायाशी ठेवली आणि औषधवाल्या बाईंना म्हणाली, "आरामात बसा बाई. आज वेळ लागेल."