नळावरची शिट्टी

ओवी, अर्णव, परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "आजी, सरकारच नसलं तर माणसं एकमेकांच्या जिवावर उठतील का?" तुमच्या शाळेत त्यावर वादविवाद आहे म्हणे. तेवढ्यात रेंज गेली, म्हणून लिहून कळवते. उत्तर माझ्या दारासमोरच राहतं.

समोरचे दिगंबरभाऊ गळ्यात शिट्टी घालूनच जेवायला बसतात. ते एसटीत कंडक्टर होते. स्वतः निवृत्त झाले, शिट्टी झाली नाही. सार्वजनिक नळाला पाणी आलं की हे रांगेच्या तोंडाशी उभे. "चाला, समोर सरका! दारात गर्दी नाही पाह्यजे!" नळाला दार कुठलं, हे विचारायची सोय नाही.

त्यांचं मत ठाम. "वहिनी, सरकार म्हंजे शिट्टी. शिट्टी बंद झाली का मानसं एकमेकाचे डोकशे फोडतीन." ग्रामपंचायतीची मुदत संपली, निवडणूक लांबली, गावाला सरपंच उरला नाही, तेव्हापासून तर त्यांना गाव आपल्याच भरवशावर वाटू लागलं.

मग मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी ते जालन्याला लेकीकडे गेले. परतले ते थेट नळावर. रांग सरळ होती. ज्या बायका घरी भाकरी थापत होत्या, त्यांच्या घागरी रांगेतल्या मागच्या जणी पायाने पुढे सरकवत होत्या. एकही डोकं फुटलेलं नव्हतं.

भाऊ माझ्या ओट्यावर येऊन बसले. शिट्टी काढून खिशात टाकली. "माह्यावाचून चाललं, वहिनी," एवढंच म्हणाले. बायको गेल्यापासून घरी त्यांची वाट पाहणारं कोणी नाही. चहा तसाच निवला.

ही गोष्ट मी नळावर सांगितली. पुढच्या पाण्याला मंदा आणि शोभा, एका चुलीवर जेवणाऱ्या जावा, एकमेकींच्या अंगावर धावल्या.

"तुह्या घागरीले पाय फुटले काय वं?"

"तुह्या तोंडाले तोटी लाव, गावाले झोप लागन!"

फुर्रर्र! भाऊ मधे घुसले. "ए, समोर सरका!"

घरी परतताना ते माझ्या दारात थांबले. म्हणाले, "वहिनी, बिनतिकिटाचा मानूस मी चेहऱ्यावरून वळखत होतो. या दोघी मले समजनार नाही काय? पन पोरी एवढ्या जीव तोडून भांडून राह्यल्या, शिट्टी नाही वाजवली त त्याह्यले वाईट वाटन."

वादविवादात कोणती बाजू घ्यायची, ते तुमचं तुम्ही ठरवा. गावाला अजून सरपंच नाही. रांग आहे, शिट्टी आहे, आणि पाणी आलं की मंदा-शोभाचं भांडण आहे.