अप्पांची कोरडी बाभूळ

मन्मथअप्पा कुणाच्याही घरी आले की आधी परसात जातात. तिथल्या झाडाची साल नखानं खरवडतात, नख नाकाला लावतात आणि निकाल देतात, "हे जळणाचंच हाय." चहा त्यानंतर.

निलंग्यात आमच्या भिंतीला भिंत लागून त्यांचं घर. किराणा दुकान पोराच्या हाती दिल्यापासून कपाळाला विभूती, गळ्यात लिंग आणि खांद्यावर कुऱ्हाड, असा त्यांचा थाट. गल्लीत कुणाचं झाड पत्र्यावर आलं, कुणाच्या मोरीत मुळ्या शिरल्या, की अप्पांना बोलावणं. माणसंसुद्धा ते जळणावरूनच ओळखतात. स्वतःचा जावई म्हणजे शेवगा, "धूर लई, जाळ न्हाई." मला तर तोंडावर म्हणाले, "वैनी, तुमी तुराट्या. भडकता लवकर, इझता बी लवकर."

यंदा उन्हाळ्यात आमच्या परसातली बाभूळ न्हाणीवर कलली. भिंतीला तडा गेला. वारं सुटलं की पत्रा करकरायचा आणि आत अंघोळ करणाऱ्याचा जीव मुठीत. अप्पा आले, वर चढून फांद्या छाटल्या, बुंध्यावर घाव घातले आणि दोर आमच्या मालकांच्या हातात दिला. दोघं शाळेपासूनचे दोस्त, तेव्हा सगळं अरे-तुरेच.

"वढ, माणिक! वढू नको! आरं वढ!"

"एक काय ते सांग की, अप्पा!"

झाड न्हाणी सोडून पडलं, ते थेट बाजेवर वाळत घातलेल्या माझ्या कुरडयांवर. एक वाचली नाही. वर अप्पा म्हणतात कसे, "वैनी, काटक्या तुमाला. खोड माझं."

झाड आमचं, कुरडया आमच्या, अन् लाकूड त्यांचं! शेवगा, सुबाभूळ ते गल्लीभर वाटतात. बाभळीचा निखारा टिकतो, तर तिच्या ओंडक्याला हात लावू देत नाहीत. मी मालकांकडं बघितलं. ते दोर गुंडाळायला लागले.

आषाढात मालकांची छाती भरली. लातूरला दवाखान्यात काचेच्या खोलीत ठेवलं. डॉक्टर रोज एकच सांगायचे, "आजचा दिवस जाऊ द्या, मग बघू." सगळी गल्ली येऊन गेली. अप्पा आले नाहीत. ते माझ्या मनाला लई लागलं.

कपडे न्यायला मी निलंग्याला आले. पावसानं धरलेलंच. अप्पांच्या शेडमधून टक टक आवाज येत होता. बघते तर खाली विटा, वर ताडपत्री, आणि हे ओंडक्यावर ओंडका वाजवून कान देऊन बसलेले.

"अप्पा, तिकडं तुमचा दोस्त घोटभर हवेला महाग झालाय, अन् तुमी लाकडं वाजवून राहिले?"

त्यांनी वर बघितलं नाही. "पाऊस थांबून न्हाई राहिला, वैनी. आवाज आजून वल्ल्या लाकडाचाच हाय."

मला उमगायला जरा वेळ लागला. अप्पा लिंगायत. त्यांच्यात माणसाला बसवून पुरतात, सरण लागत नाही. सरण लागतं आमच्यात.

माझ्या अंगाचा नुसता जाळ झाला. "माझा माणूस जिता हाय!"

"हाव. जिताच ऱ्हावं." ओंडका त्यांनी मांडीवर घेतला. "दादाच्या येळेला आठवतंय ना? वल्लं लाकूड. टायर टाकावे लागले."

आठवत होतं. थोरल्या दिरांचं सरण पावसात पेटता पेटत नव्हतं, आणि मालक दिवसभर मान खाली घालून उभे होते.

"त्याच दिशी माणिकनं माझ्याकडून कोरड्या लाकडाचा शबूद घेतला. आता रोज लिंगाला म्हणतो हे जळू नगं, अन् रोज वाळवून राहिलो. दवाखान्यात कोणत्या तोंडानं येऊ?"

ताडपत्रीचं एक टोक सुटलं होतं, ते मी विटेखाली खोचलं आणि लातूरची यष्टी धरली.

मालक घरी आले ते पोळ्याच्या सुमाराला, काठी टेकत. दुसऱ्या दिवशी सकाळी परसात कुऱ्हाडीचा आवाज. आमच्या बंबापुढं अप्पा उकिडवे बसलेले, तेच ओंडके फोडून आत सारत होते. लाकूड इतकं कोरडं की धुराचं नाव नव्हतं. तरी अप्पा उपरण्यानं डोळे पुसत होते.

मालक दारात आले. "आरं अप्पा, ते माझं हाय न्हवं?"

"व्हतं. पाणी तापलंय, आंगूळ कर."

"मग माझ्या येळेला?"

अप्पांनी आणखी एक ढलपी आत सारली.

"वेशीकडं एक बाभूळ बघून ठिवलीय," बंबाकडंच बघत ते म्हणाले. "आजून करंगळीएवढी हाय."