चौथा हार

"आजपासून स्कूटरचं गाणं बंद," विद्याधर म्हणाला.

हे त्याने जाहीर केलं नंदूच्या घाटकोपरच्या खोलीत, पोह्यांची बशी हातात धरून. 'धमाल फोर' हा चौघांचा बँड दर रविवारी तिथेच सराव करायचा. विद्याधर गिटार घेऊन गायचा, नंदू कॅसिओ वाजवायचा, चंद्रप्रकाश बेस गिटार आणि अनंत ड्रम. मुलुंडपासून कांदिवलीपर्यंत कुठल्याही पूजेला, कुठल्याही गणपतीला त्यांनी 'तुझ्या स्कूटरवर मागे' सुरू केलं की लोक खुर्च्या बाजूला सारून नाचायला लागायचे. नेमकं तेच विद्याधरला खुपत होतं. सात वर्षांत त्याचं गाणं एकाही माणसाने बसून ऐकलं नव्हतं.

"मग वाजवायचं काय?" नंदूने विचारलं.

"दुःख."

आता बघा. माणूस मरोळच्या एका कारखान्यात ड्रॉइंग ऑफिसात नोकरीला, घरी आई दोन्ही वेळा गरम वाढते, स्वतःला साधी सर्दी होत नाही. याने दुःख आणायचं कुठून? पण विद्याधरच्या हाती एका विलायती बँडची कॅसेट लागली होती. ते लोक पूर्वी टाळ्या वाजवत उड्या मारायचे. मग त्यांनी दाढ्या वाढवल्या, रडकी गाणी काढली, आणि पेपरवाल्यांनी लिहिलं की बँड परिपक्व झाला. विद्याधरला एकतिसावं लागलं होतं. आपण कधी परिपक्व होणार, ही एकच चिंता त्याला होती, पण ती मात्र खरी होती.

नवं गाणं तो लिहूनच घेऊन आला होता. नाव 'रिकामी जागा'. त्यात ड्रमला काम एवढंच, की सहाव्या मिनिटाला झांजेवर एकदा स्टिक टेकवायची.

"एकदा?" अनंतने विचारलं.

"एकदा. हलकेच."

"विद्या, मी कांदिवलीहून दोन गाड्या बदलून येतो. ते एकदा हलकेच स्टिक टेकवायला?"

"तू त्यातली शांतता समजून घे ना."

"तूच घे समजून," अनंत म्हणाला. त्याने आपली बशी धुऊन ठेवली, चपला घातल्या आणि गेला. कॉलेजपासूनचा दोस्त. आठवडाभरात येईल परत, असं विद्याधरला वाटलं. तो आला नाही, आणि याने बोलावलं नाही. दोघेही सारखेच हट्टी.

पुढच्याच आठवड्यात घाटकोपरच्या एका कॉलनीत माघी गणपतीचा कार्यक्रम होता, संध्याकाळी पाचचा. विद्याधरने काळे शर्ट शिवून घेतले होते. ते नंदूच्या आईने पाहिले. "गणपतीपुढे काळं घालून उभे राहिलात तर या घरात पाऊल ठेवू देणार नाही," ती म्हणाली. तेव्हा तिघांनी पांढरे झब्बे-लेंगे घातले. नंदूच्या खोलीतच राहिलेले अनंतचे ड्रम मात्र विद्याधरने स्टेजवर मधोमध मांडले. न वाजणारे ड्रमही लोकांना ऐकू आले पाहिजेत, असं त्याचं म्हणणं होतं. चंद्रप्रकाशने ते दोनदा समजून घ्यायचा प्रयत्न केला आणि सोडून दिलं.

मंडळाचे अध्यक्ष भाऊ. कॉलनीतले सत्कार आणि शोकसभा दोन्ही त्यांच्याकडेच, गेली वीस वर्षं. रिवाजाप्रमाणे त्यांनी कलाकारांसाठी चार हार आणि चार नारळ आणले होते. तीन हार तीन गळ्यांत पडले. चौथा हातात घेऊन भाऊंनी विचारलं, "अनंतराव कुठे दिसत नाहीत?"

विद्याधरने आठ दिवस कमी बोलायचा सराव केला होता. शिवाय मित्राचं नाव निघाल्यावर त्याला खरंच गलबलून आलं. तो मान खाली घालून गप्प राहिला.

भाऊंनी त्याच्याकडे पाहिलं. मग तिघांच्या पांढऱ्या कपड्यांकडे. मग मधल्या रिकाम्या ड्रमकडे. एवढ्या वर्षांचा अनुभव फुकट नव्हता. त्यांनी पायातल्या चपला काढल्या, चौथा हार ड्रमवर घातला आणि नमस्कार केला. ते अनंतच्या जागेचा मान ठेवतायत असं विद्याधरला वाटलं, आणि त्याला बरं वाटलं.

गाणं सुरू झालं. 'तू गेलास, तुझी जागा मात्र तिथेच आहे' ही पहिलीच ओळ. दुसऱ्या कडव्याला पहिल्या रांगेतल्या सुंदराबाईंनी पदर डोळ्यांना लावला. "कसो हसरो झील होतो गो," त्या शेजारणीला म्हणाल्या. "माझ्या मालनसाठी मी तेका हेरून ठेवललंय." शेजारीणही रडायला लागली. रडं हे असंच, खोकल्यासारखं रांगेत पसरतं. शेवटच्या ओळीला भाऊंनी हाताने खूण केली आणि दोनशे माणसं उठून माना खाली घालून उभी राहिली.

नेमका त्याच वेळी मंडपाच्या मागच्या बाजूने अनंत आत आला. रागावून गेलेला माणूस एकदा बघायला येतोच, आपल्यावाचून यांचं किती वाईट चाललंय ते. सगळे उभे दिसले म्हणून तोही मान खाली घालून उभा राहिला.

"कोण गेलं?" त्याने शेजारच्या गृहस्थांना हळूच विचारलं.

"यांचा ड्रमवाला. हार नाही दिसला?"

अनंतने पाहिलं. हार दिसला. झेंडूचा होता.

"कशाने गेला?"

"हार्ट, असं म्हणतायत. खरं सांगू का, या बँडात गाणं कळत होतं ते त्या एकालाच. बाकी सगळे आपले असेच."

अनंतने हाराकडे पुन्हा एकदा पाहिलं. सात वर्षांत त्याला हे कोणी म्हटलं नव्हतं.

इकडे विद्याधरने डोळे उघडले, तर समोर दोनशे माणसं उभी. रडतायत. एकही पोर धावत नाही. त्याचा ऊर भरून आला. तेवढ्यात भाऊंनी माईक घेतला. "अनंतरावांच्या आत्म्याला शांती लाभो."

काय झालंय ते एका क्षणात विद्याधरच्या लक्षात आलं. गप्प राहिलं तर? एकच संध्याकाळ. पुन्हा कधी अशी माणसं ऐकणार आहेत? तो खरोखर गप्प राहिला, मोजून पाच सेकंद. मग त्याचं लक्ष सुंदराबाईंकडे गेलं. त्या हुंदके देत होत्या. त्याने माईक ओढून घेतला.

"ऐका. अनंत मेलेला नाही."

"बरोबर आहे," भाऊ गहिवरून म्हणाले. "कलावंत कधी मरत नसतो."

"अहो, तसं नाही भाऊ. तो जिवंत आहे. कांदिवलीला राहतो."

लोक जास्तच रडायला लागले. धक्क्याने होतं असं माणसाचं, कोणीतरी म्हणालं, पाणी द्या त्याला.

शेवटी अनंतलाच पुढे यावं लागलं. तो मधल्या वाटेने चालत आला तशी मंडपातली कुजबुज बंद पडली. सुंदराबाईंनी हात आडवा घातला.

"थांब. आधी पाय दाखव."

अनंतने चपला काढून पाय दाखवले. सुंदराबाईंनी ते वाकून नीट बघितले. "सरळ आसत," त्यांनी मागे वळून सांगितलं. "जितो आसा."

भाऊंना ते आवडलं नाही. "दोन मिनिटं उभे होतो आम्ही," ते म्हणाले. "आता निदान स्कूटरचं तरी होऊ दे."

"नाही," विद्याधर म्हणाला. "मघाचंच परत म्हणतो." त्याला बघायचंच होतं. लोक रडले ते गाण्याला की अनंतला, हे कळल्याशिवाय त्याला त्या रात्री झोप लागली नसती.

ड्रमवरचा हार काढून अनंत आपल्या जागी बसला. गाणं तेच, चाल तीच, विद्याधरचा आवाज तर मघापेक्षा बरा लागला. पहिल्या कडव्याला पोरं धावायला लागली. दुसऱ्याला बटाटेवड्यांची पातेली आली आणि अर्धा मंडप तिकडे गेला. सुंदराबाई अनंतकडे बोट दाखवून शेजारणीला मालनची पत्रिका सांगत बसल्या होत्या. विद्याधर शेवटपर्यंत गायला. सहाव्या मिनिटाला अनंतने झांजेवर एकदा हलकेच स्टिक टेकवली. विद्याधरने वळून पाहिलं, तर तो रडत होता. अख्ख्या मंडपात तेवढा एकच.

सामान बांधताना दोघे शेजारी बसले.

"रडलास तू," विद्याधर म्हणाला.

"हं."

"गाण्यामुळे?"

अनंत झांजेचा स्क्रू काढत होता. मघाशी मंडपात शेजारी उभे असलेले ते गृहस्थ आणि त्यांचे ते शब्द त्याला आठवले. मग त्याने विद्याधरच्या तोंडाकडे पाहिलं.

"गाण्यामुळेच रे," तो म्हणाला. "दुसऱ्या कशाने?"

विद्याधरने गिटार पेटीत ठेवली आणि पेटी लावली. चेहरा अगदी शांत झाला होता त्याचा.

"पुढच्या वेळी झांज दोनदा ठेवू," तो म्हणाला.

"हलकेच ना?"

"हलकेच."