भानूमावशींची वरची मूठ

आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर पाळणाघर चालवणाऱ्या भानूमावशी नवे मूल घेण्यापूर्वी त्याला खिडकीच्या उजेडात धरतात, डोळ्यांत डोळे घालून पाहतात, दंड दाबतात आणि कानाची पाळी अलगद उचलून मागे डोकावतात. मासळीचा कल्ला उघडून पाहण्याची ही रीत आहे, हे समोर उभ्या असलेल्या आईबापांना कळायला थोडा वेळ लागतो. कळल्यावर त्यांचे चेहरे पाहण्यासारखे होतात. मावशी तोवर निकाल देऊन मोकळ्या झालेल्या असतात.

"पोर ताजं हाय. पण काटं लई."

काट्यांवर महिन्याचा भाव ठरतो. जेवून गुमान झोपणारे मूल म्हणजे पापलेट; त्याचा भाव कमी. उड्या मारणारे मूल म्हणजे बोय. धरले की निसटते ती निवटी. आणि प्रत्येक घासाला रडणारे मूल म्हणजे पाला मासा. त्याचे काटे मोजण्यात अर्थ नसतो, म्हणून त्याचा भाव सर्वांत चढा.

बोईसरमध्ये या बाईंविषयी जे बोलले जाते त्यातले बहुतेक चुकीचे आहे, आणि ते दुरुस्त करणे मला भाग आहे. तिसऱ्या मजल्यावरचे जोशी सांगतात की मावशी लोभी आहेत, आणि संध्याकाळी मुद्दाम मुले अडकवून ठेवून जादा वेळेचे पैसे उकळतात. जोशी कधी त्या घराचा उंबरा ओलांडून आत गेलेले नाहीत. मी तारापूरच्या एका कारखान्यात उभी हयात माल तपासण्यात घालवली; शिक्का मारण्यापूर्वी वस्तू हातात घ्यावी लागते, एवढे मला कळते. शिवाय मी रोज दुपारपासून तिथे वर्तमानपत्र वाचत बसलेला असतो. स्वतःचे घर असताना तिथे का बसतो, हा या लेखाचा विषय नव्हे.

मावशी मूळच्या पालघरजवळच्या माहीमच्या. आईच्या मागोमाग टोपली घेऊन पालघरच्या बाजारात बसल्या, लग्न होऊन बोईसरला आल्या. कंत्राटी कामगार असलेला नवरा गेला आणि दोन खोल्या मागे राहिल्या. टोपली त्यांच्या डोक्यावरून उतरली. जिभेवरून उतरली नाही.

एकदा एक तरुण अभियंता पत्नी व मुलासह आला. मावशींनी भाव सांगितला. त्याने, बाजारात करतात तसे, तो निम्मा केला.

"अर्ध्या पैशात अर्धंच पोर सांभाळीन," मावशी म्हणाल्या. "डोकं ठेवता का पाय, तेवढं सांगा."

त्याची पत्नी हसली, तो ओशाळला आणि मावशींच्याच भावाला सौदा झाला. मी मनातल्या मनात त्यांची पाठ थोपटली. तोच पदर खोचत त्या म्हणाल्या, "बरं, पैशे ठरले. आता वर काय टाकू?"

किनाऱ्यावरच्या बायकांची ही जुनी पद्धत. घासाघीस करावी, गिऱ्हाइकाला घाम फोडावा. पण भाव ठरला की टोपलीतली मूठभर मासळी आपण होऊन वर घालावी. त्या मुठीवाचून सौदा पुरा होत नाही. अभियंत्याच्या मुलाला रोज एक उकडलेले अंडे वर पडले. एका मुलाच्या थोरल्या बहिणीला शाळा सुटल्यावरचे जेवण पडले. एकीची कारखान्यातली पाळी सुटायला उशीर होतो म्हणून तिच्या मुलीला दिवेलागणीपर्यंतचा सांभाळ पडला, फुकट. मासळीच्या टोपलीत ही मूठ परवडत असेल. पाळणाघरात ती रोज भरावी लागते.

त्यामुळे भाव करण्यात जिंकणाऱ्या भानूमावशी धंद्यात हरत. दूध महागले, सिलिंडर महागला, उन्हाळ्यात पंख्यांचे बिल वाढले. त्यात नवापूर रस्त्यावर एक वातानुकूलित पाळणाघर निघाले. भिंतींवर हत्ती रंगवलेले, आणि आईबापांना कामावर बसून मूल पाहता यावे म्हणून कॅमेरे. मावशींची पापलेटे तिकडे गेली. उरले ते सगळे काटेवाले.

"भाव वाढवा," मी सांगितले.

"वाढवते ना, भाऊ. वाढवल्यावर वर काय टाकायचं, त्याचाच इचार चाललाय."

अशा दिवसांत सोसायटीची नोटीस आली. तळमजल्यावर धंदा चालतो, तेव्हा पाण्याचा आणि देखभालीचा आकार दुकानाच्या दराने द्यावा. मावशींनी ती माझ्याकडून वाचून घेतली आणि कांदा चिरत राहिल्या.

"एवढं द्यायचं तर बंदच करते. माहीमला भावाकडं जाते. सुकट वाळवीन."

त्या नेहमी मोठ्याने बोलतात. हे वाक्य हळू आले, म्हणून मला ते खरे वाटले.

त्या नोटिशीवर सोसायटीची सभा भरली; तिथे काय घडले याच्या तीन कहाण्या आज इमारतीत नांदतात. सचिव पाटील म्हणतात, समितीला दया आली. जोशी म्हणतात, मावशी रडल्या. काही समंजस मंडळी म्हणतात, माझ्या भाषणाने पारडे फिरले. तिन्ही खोट्या आहेत. तिसरी खोडताना मला कष्ट होतात, कारण भाषण खरोखरच चांगले बांधले होते. पण ते संपल्यावर सभेने जांभया दिल्या, ही वस्तुस्थिती आहे.

घडले ते असे. मावशी खुर्ची सोडून सतरंजीवर, पाटलांच्या टेबलासमोर, बाजारात बसतात तशा बसल्या.

"पाटीलसायेब, भाव बोला."

पाटलांनी आकडा सांगितला.

"पोरं पाणी पितात किती? फुलपात्रभर. सांडतात बादली. सांडल्याचं पैशे लावा, प्यायल्याचं लावू नका."

"मावशी, नियम आहे."

"नियमाला काटं लई, सायेब. जरा साफ करून द्या."

सभा हसली. पाटील आकडा उतरवू लागले, मावशी त्यांना आणखी खाली ओढू लागल्या, आणि दुकानाच्या दराच्या निम्म्यावर सौदा पटला. पाळणाघर वाचले होते. मी उठण्याच्या बेतात होतो.

"झालं ना ठरलं?" मावशी म्हणाल्या. "मग आता वर काय टाकू?"

मी डोळ्यांनी खुणावले, खोकलो, पाय आपटला. त्यांनी माझ्याकडे पाहिले नाही.

"तुमची आई दिसभर कुलपात बसते. तिला सकाळी माझ्याकडं धाडा. जेवण माझं. पैशे नाय घेणार, ही वरची मूठ."

सतरंजीवरचे हसू थांबले. पाटील आणि त्यांची पत्नी दोघेही नोकरीवर जातात. म्हातारी गॅस चालू ठेवून विसरते, म्हणून बाहेरून कुलूप लावतात. त्या कुलपाचा आवाज आम्ही सारेच रोज ऐकत होतो. पाटलांनी चष्मा काढून बराच वेळ पुसला. यालाच ते आता समितीची दया म्हणतात.

परतताना मी मावशींना चांगले सुनावले. "जिंकलेले सगळे परत दिलेत."

"भाऊ, तुमी माल तपासलात. इकला नाय कधी."

पाटलांच्या मातोश्री हल्ली रोज येतात, मटार सोलतात आणि निवटी नाव पडलेल्या मुलीशी खेळण्यांवरून भांडतात. त्यांच्यासाठी भात मऊ लागतो, म्हणून आता सगळ्यांनाच मऊ भात मिळतो. मलाही, दातांविषयी कोणाकडे तक्रार केलेली नसताना.

आता जोशींच्या आरोपाकडे येतो. निवटीची आई रीना, बिहारकडची, औषधांच्या पॅकिंगमध्ये काम करते. तिचीच पाळी उशिरा सुटते. इतर मुले गेल्यावर निवटी आणि मावशी दाराच्या पायरीवर बसून असतात. जोशी पाहतात ते एवढेच.

परवा रीना उजेड असतानाच आली. "मौसी, आज छुट्टी जल्दी हो गई." पाटलांच्या मातोश्रीही आपल्या घरी गेल्या होत्या. रीनाने महिन्याचे पैसे दिले, मावशींनी ते पदराच्या गाठीत बांधले. निवटीचा डबा पिशवीत भरला. पुन्हा काढला, पुसला, पुन्हा भरला. मग पिशवी हातातच धरून उभ्या राहिल्या.

"पैशे पोचले. पण रीना, तू वर काय टाकलं नाय."

"वर मतलब, मौसी?"

मावशींनी माझ्याकडे पाहिले. मी वर्तमानपत्र उभे धरले.

"थोडा टाइम छोड दे ना इसको," त्या म्हणाल्या. "ऊपर से."

इतक्या वर्षांत त्यांनी कोणाकडे वरची मूठ मागितलेली मी ऐकली नव्हती.  रीनाने चपला काढल्या, ओढणी सावरली आणि ती भिंतीला टेकून जमिनीवर बसली. निवटी तिच्या हातातून निसटली ती थेट मावशींच्या कडेवर गेली. तिला तशीच घेऊन मावशींनी चहाचे आधण ठेवले.

दिवे लागले तेव्हा जोशी जिन्यावरून उतरत होते. मूल अजून इथेच आहे, एवढे त्यांनी दारातून पाहिले, मान हलवली आणि ते पुढे गेले. बाहेर जाऊन त्यांनी काय सांगितले असेल ते मला ठाऊक आहे. पण ते जिन्यावर होते. मी आत होतो.