शब्द भाऊंचे, गळा माझा

आवाज असावा तर माझ्यासारखा! ही आत्मस्तुती नाही, वस्तुस्थिती आहे. मी नुसतं "दोन केळी द्या" म्हटलं तरी फळवाला ताठ उभा राहतो. बायको म्हणायची, "तुम्ही खोटं बोललात तरी ऐकायला बरं वाटतं." ती गेल्यापासून घरात माझं खोटं ऐकायलाही कोणी नाही. मुलगी लांब असते. रविवारी फोन करून "बरे आहात ना बाबा?" विचारते आणि मी घसा साफ करेपर्यंत तिला दुसरा फोन येतो.

म्हणून मी रोज सकाळी कोपऱ्यावरच्या सलूनमध्ये जायचो. दाढी हे निमित्त. खरं काम म्हणजे बाकावर बसून सगळ्यांना पेपर मोठ्याने वाचून दाखवायचा. सलूनवाला म्हणायचा, "काका, तुम्ही वाचलं की भाववाढसुद्धा कानाला गोड लागते!" दिवसभरात माझं जे काही बोलणं व्हायचं, ते तिथेच. बाकीचा दिवस मी आणि भिंती.

तिथेच भाऊंच्या कार्यकर्त्याने मला हेरलं. भाऊ म्हणजे नगराध्यक्षपदाचे उमेदवार. दिसायला रुबाबदार, पण तोंड उघडलं की बिनतेलाची बिजागरी! म्हणून सभेत ते नुसते हात हलवायचे आणि कार्यकर्ते सांगायचे, "जनतेसाठी ओरडून ओरडून भाऊंचा घसा बसलाय."

"काका, मतदारांना फोनवर भाऊंचा निरोप ऐकवायचाय. तुम्ही भाऊ व्हाल का?"

या वयात आपल्याला कोणी काही व्हायला सांगतं का हो? मी ताबडतोब झालो! रेकॉर्डिंगमध्ये बाहेरची गडबड नको म्हणून मला भाऊंच्या कपाटात, सदऱ्यांच्या रांगेत उभं केलं आणि मी गरजलो, "मी तुमचा भाऊ बोलतोय! मला निवडून द्या. त्यानंतर बसमध्ये तिकीट काढलंत, तर तुम्हाला माझी शपथ!"

भाऊ दणदणीत मतांनी निवडून आले. आणि पहिल्याच बैठकीत बसभाडं वाढलं!

टीव्हीवाल्यांनी जाब विचारला तेव्हा भाऊ किरकिरले, "बसमध्ये चढणं फुकटच आहे. भाडं फक्त पुढे जायचं!"

ती किरकिर घराघरात ऐकू आली आणि लोक चक्रावले. मग फोनवर बोलला तो कोण?

दुसऱ्या दिवशी सलूनमध्ये मी नेहमीच्या थाटात मथळा वाचला, "बसभाड्यात वाढ." खुर्चीतलं गिऱ्हाईक तोंडावरच्या फेसासकट ताडकन उठलं.

"हाच तो! हाच आवाज!"

"अहो, शब्द भाऊंचे! मी फक्त आवाज!"

"मी मत आवाजालाच दिलं होतं!"

माझा नंबर आला तेव्हा सलूनवाल्याने वस्तरा माझ्या गळ्यावर टेकवला आणि अगदी शांतपणे विचारलं, "काका, बस कधीपासून फुकट?" मी अर्ध्या दाढीनिशी घर गाठलं.

बसमध्ये तोच तमाशा. मी पैसे पुढे केले तर कंडक्टर म्हणाला, "तुम्ही नका काढू हो तिकीट, शपथ मोडेल!" अख्खी बस खिदळली. त्या दिवसापासून मी मौन धरलं. भाजी बोटाने दाखवायला लागलो. भाजीवालीला वाटलं, मला ऐकू येत नाही. ती कानाशी येऊन भाव ओरडायला लागली!

पेपर घरीच मोठ्याने वाचून पाहिला. पण मध्येच "छे, काही खरं नाही!" म्हणणारं कोणी नसलं की बातमीत दम राहत नाही. खरं सांगू? फार एकटं वाटायचं. मला माझा बाक परत हवा होता, बाकी काही नको होतं.

अशात कार्यकर्ता पुन्हा उगवला. "काका, भाडं का वाढवावं लागलं ते लोकांना समजावायचंय. तुमच्या आवाजावर विश्वास आहे त्यांचा."

"होता!" मी म्हणालो. पण डोक्यात चक्र फिरलं आणि मी निघालो.

पुन्हा तेच कपाट. सदरे जाऊन आता कोट आले होते. कार्यकर्ता बाहेर फोनवर बोलत होता. रेकॉर्डिंगवाला म्हणाला, "बोला बिनधास्त! मी शब्द ऐकत नाही काका, आवाज फाटत नाही ना एवढंच बघतो."

नमस्कार वगैरे कागदावरचं वाचलं, आणि मग तो कागद मी भाऊंच्याच कोटाच्या खिशात कोंबला.

"मी तुम्हाला थापा मारल्या," मी म्हणालो. "बस फुकट करणं मला जमणारच नव्हतं, पण मतं हवी होती. मला माफ करा. आणि हो, हा आवाज माझा नाही! तो एका साध्या माणसाचा आहे. त्याला सलूनमध्ये सुखाने बसू द्या!"

कार्यकर्ता घाईत होता. न ऐकताच त्याने निरोप सगळीकडे सोडून दिला.

सकाळी मी छाती काढून सलूनमध्ये शिरलो. आत नुसता जल्लोष!

"काय माणूस आहे! चुकलं तर चुकलं म्हणाला!"

"मी तर डोळे पुसले! पुढच्या वेळीही भाऊच!"

"आणि शेवटचं ऐकलंत ना?" मी अधीर होऊन विचारलं. "आवाजाबद्दलचं?"

"शेवटी माफी मागितली आणि फोन कट."

निरोप अर्ध्या मिनिटाचाच जातो, हे मला कोणी सांगायला नको?

"अहो, ते मी बोललो! माझ्या मनाने!"

सलूनवाला कात्री थांबवून हसला. "वा काका! थापा होत्या तेव्हा 'शब्द भाऊंचे, मी फक्त आवाज'. आता माफी गाजली, तर शब्दही तुमचे?"

तेलही गेलं, तूपही गेलं! बाकावर माझ्या जागी एक जण अडखळत अडखळत पेपर वाचत होता, आणि सगळे मन लावून ऐकत होते. मी दाढी न करताच परतलो.

संध्याकाळी फोन वाजला. रविवार नव्हता, तरी मी धावलो.

"नमस्कार, मी तुमचा भाऊ बोलतोय. घरी सगळे बरे आहेत ना?"

काय सांगू, आवाज खरोखरच लाघवी होता! पुढे तो क्षणभर थांबलासुद्धा, अगदी ऐकायला थांबावं तसा.

"सगळे म्हणजे मी एकटाच की हो," मी म्हणालो, आणि कितीतरी दिवसांनी मोकळेपणाने बोलायला लागलो. पण तो कसला ऐकतोय! थापा मारल्या म्हणाला, माफी मागितली आणि फोन ठेवून दिला. रेकॉर्डिंगवर कसलं रागवायचं, असं तुम्ही म्हणाल. पण माझाच आवाज होता हो, निदान त्याने तरी थांबायचं!